पानमळ्याची तारीख

"वकीलबाई, ह्यो मानूस तुमचा कोन लागतो?"

धोंडाबाईने हा प्रश्न लातूरच्या कोर्टाच्या व्हरांड्यात, भर गर्दीत, चांगल्या खणखणीत आवाजात विचारला. शिवकन्या हालकुडेच्या हातातला चहा काळ्या कोटावर सांडता सांडता वाचला. कारण तो चहा आत्ताच तिच्या हातात देऊन गेलेला माणूस म्हणजे श्रीमंत नाडे. धोंडाबाईच्या दाव्यात समोरच्या बाजूचा वकील.

"कोणी नाही, मावशी. आमच्यात देतात एकमेकांना चहा."

"आमच्यात न्हाई देत," धोंडाबाई म्हणाली. "मडिवाळप्पा सख्खा दीर हाय माझा. आवंदा त्याच्या घरचं पानी बी प्याले न्हाई मी."

शिवकन्या हसली, पण 'कोणी नाही' म्हटल्याचं तिला लागलं. आता कोणी नाही कसं? नांदेडला कायदा शिकताना दोघं एका बाकाच्या दोन टोकांना बसायची, ती हळूहळू मध्ये सरकली. मग लातूर जिल्हा झाला. भाड्याच्या खोल्यांतून सरकारी कचेऱ्या उघडल्या, पाट्यांचा रंग वाळायच्या आत त्यांच्या दारात लोकांच्या रांगा लागल्या, आणि नव्या जिल्ह्यात नव्या वकिलाचंही पोट भरेल म्हणून दोघंही इथे आली. श्रीमंत मुरुडचा, मराठ्याच्या घरचा. शिवकन्या इथल्याच गंजबाजारातल्या वीरण्णा हालकुडे या लिंगायत आडत्याची लेक, घरात नेमाने लिंगपूजा चालणारी. तिशी कधीच ओलांडून गेली होती. बाररूममधल्या भिंतींनासुद्धा सगळं माहीत होतं, आणि वीरण्णांचं उत्तरही सगळ्यांना पाठ होतं: "जातीबाहेर द्यायची तर आधी मला पोचवून या."

धोंडाबाईचं प्रकरण तसं साधं होतं. विहीर एक, वाटेकरी दोन. नवऱ्यामागे ती विहिरीच्या खालच्या अंगाला पानमळा राखून होती. वर्षानुवर्षांचा रिवाज असा, की पाण्याची बारी एक दिवस हिची, एक दिवस दिराची. पण सलग दुसरं साल पावसाने दगा दिला, विहीर तळाला गेली आणि मडिवाळप्पाने मोटारीच्या पेटीला कुलूप घातलं. त्याला ऊस जगवायचा होता. धोंडाबाई घागरीने पाणी घालून घालून बेजार झाली. बारी अडवू नये असा तात्पुरता मनाई हुकूम कोर्टाने द्यावा, एवढंच तिचं मागणं होतं. सुनावणीची तारीख एप्रिल संपता संपता, एका सोमवारी लागली होती.

त्या आधीच्या शनिवारी वीरण्णा जेवताना एकदम म्हणाले, "त्या नाडेच्या आईला सोमवारी दुपारी घेऊन ये म्हणावं. बघू तरी."

शिवकन्याच्या हातातला घास हातातच राहिला. "अप्पा, खरं?"

"सोमवार चांगला हाय. मंगळवारी माझं डोकं फिरलं तर मला इचारू नको."

आणि अप्पांचं डोकं फिरायला मंगळवारही लागत नसे, हे तिला चांगलं ठाऊक होतं. ती तशीच उठली आणि श्रीमंतच्या खोलीवर निरोप द्यायला स्वतः गेली. तो ऐकून खुर्चीतच बसला.

"सोमवारी आपली तारीख आहे," तो म्हणाला. "युक्तिवाद दुपारीच होणार."

"तू तारीख वाढवून माग. मी 'हरकत नाही' लिहिते. आठ दिवसांनी उभं राहू. काय बिघडतं?"

त्यात बिघडण्यासारखं काही नव्हतंच. वकिलीत हे रोजचं असतं. आज याच्या घरी लग्न, उद्या त्याच्या घरी मयत. समोरच्याने अर्ज करायचा, आपण त्यावर 'हरकत नाही' लिहून सही ठोकायची. उद्या आपल्यालाही गरज पडते. त्यात कोणी कोणाला विकत नाही.

सोमवारी सकाळी पुकारा झाला. श्रीमंतने अर्ज दिला, शिवकन्याने कडेला दोन शब्द लिहून सही केली. न्यायाधीशांनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. "दोघांची संमती आहे? मग उन्हाळी सुट्टीनंतरच ठेवू. जूनमध्ये."

"ठीक आहे, साहेब," शिवकन्या म्हणाली.

या तीन शब्दांची वकिलाच्या जिभेला इतकी सवय असते, की ते डोक्याला न विचारताच बाहेर पडतात. तिच्या डोक्यात त्या वेळी होतं ते असं: गजरा घ्यायचा राहिला आहे, आणि अप्पांनी धुतलेलं धोतर काढलं असेल का? धोंडाबाई कोर्टात नव्हती. 'सोमवारी नुसतं बोलणं आहे, मावशी, भाड्याचे पैसे घालवू नका,' असं शिवकन्यानेच तिला कळवलं होतं.

दुपार मात्र दृष्ट लागण्यासारखी झाली. श्रीमंतच्या आई केवळाबाई मुरुडहून ताज्या खव्याची पुडी घेऊन आल्या आणि ओट्यावर मांडी घालून अशा बसल्या, जशा काही रोजच येतात. वीरण्णांनी बराच वेळ सुपारी कातरली. मग खाकरून म्हणाले, "पोरगी कोर्ट सोडायची न्हाई. चालंल का?"

"सोडली तर माझ्या पोराला हरवायला दुसरं कोन हाय?" केवळाबाई म्हणाल्या. "लई शेफारलाय त्यो."

वीरण्णा हसले. शिवकन्याने बापाला असं हसताना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. आत स्वयंपाकघरात जाऊन ती पदर तोंडाला लावून रडली. सुख इतकं उशिरा आलं की माणसाला ते ठेवावं कुठे हेच कळत नाही.

दुसऱ्या दिवशी बाररूममध्ये सगळे सुट्टीच्या गप्पा मारत होते. कोणी तिरुपतीला निघालं होतं, कोणी सासुरवाडीला. कोर्ट आता महिनाभर बंद. शिवकन्या ते ऐकत हसत होती, आणि हसता हसता तिची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली. जून! आठ दिवस नव्हे, अख्खा मे महिना!

धोंडाबाई त्याच आठवड्यात आली. पदराखाली चार पानं, सुकून कडा काळ्या पडलेली. "काय झालं वो बाई तारखेचं?"

"जूनमध्ये लागली आहे, मावशी."

धोंडाबाईने ती पानं तिच्यापुढे ठेवली. "जून? ऊस दम काढतो. पानाचा वेल न्हाई काढत. त्याला चार दिस पानी न्हाई मिळालं तर त्यो मान टाकतो. तुम्ही सायबाला सांगितलं न्हाई का हे?"

शिवकन्याने दाव्याचे कागद गोळा केले. ती उठली आणि धावत सुटली. सुट्टीत तातडीची कामं बघणारे एक न्यायाधीश असतात. त्यांच्यापुढे अर्ज घेऊन उभी राहिली. त्यांनी कागद चाळले आणि शांतपणे विचारलं, "तारीख वाढवायला हरकत नाही असं तुम्हीच लिहिलंय ना, बाई? मग आता घाई कशाची?"

शिवकन्याने कागदाच्या कडेची आपलीच सही पाहिली. अर्ज फेटाळला गेला.

त्या संध्याकाळी ती श्रीमंतच्या खोलीवर गेली ती चप्पल न काढताच आत.

"तुला माहीत होतं?"

कशाबद्दल, असं त्याने विचारलं नाही. "अर्ज लिहिताना नव्हतं," तो म्हणाला. "साहेबांनी जून म्हटलं तेव्हा लक्षात आलं."

"आणि गप्प बसलास."

"मी मडिवाळप्पाचा वकील आहे, शिवकन्या. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, साहेब, फक्त उन्हाळा काढून द्या. माझ्या तोंडात आलेलं मी गिळलं. मला वाटलं तू बोलशील. तू बोलायला हवं होतंस."

तिने त्याला काय काय ऐकवायचं ठरवून आणलं होतं. त्यातलं एकही वाक्य बाहेर आलं नाही, कारण त्याच्या जागी ती असती तर तीही गप्पच बसली असती. तेच तर शिकली होती दोघं. चूक त्याची असती तर किती बरं झालं असतं! रागावता तरी आलं असतं.

"साखरपुडा लांबव," ती म्हणाली. "मला आधी एका ठिकाणी जायचं आहे."

ती एस.टी.ने गेली. फाट्यापासून चालत. मळा लांबून अजून हिरवा वाटत होता, पण ती शेवरीच्या झाडांची हिरवळ. त्यांच्यावर चढवलेले वेल जवळ गेल्यावर दोरीसारखे लोंबत होते. पायाखाली पानांचा कुरकुर आवाज होत होता. धोंडाबाई वेल उपटून मोळ्या बांधत होती.

शिवकन्याने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तो माणूस कोण लागतो ते. सोमवार, अप्पा, सही, सगळं. काही झाकलं नाही, काही सावरलं नाही.

धोंडाबाईने हातातली मोळी खाली टाकली.

"तुमचं लगीन जमवायला माझा मळा घातला व्हय चुलीत?" ती ओरडली. "माझ्या सासूनं लावलेला मळा ह्यो! नवरा गेला तवा म्या चूल दोन दिस पेटवली न्हाई, पर बारी चुकवली न्हाई! आन् तुम्ही शिकल्या-सवरल्या बायका, तुम्हाला एक तारीख सांभाळता येईना?" मग तिचा आवाज फुटला आणि ती बांधावर बसून ढसाढसा रडली. शिवकन्याला जवळ जायचा धीर झाला नाही. ती उन्हात तशीच उभी राहिली.

बऱ्याच वेळाने धोंडाबाईने नाक पुसलं. "आता जूनला कोन उभं ऱ्हानार?"

"चांगला वकील बघून देते, मावशी. मी सगळं समजावून सांगते त्यांना. माझ्यावर आता तुमचा विश्वास..."

"न्हाई. तुम्हीच उभं ऱ्हायचं. त्यो समोर असताना ऱ्हायचं. मी म्होरं बसनार हाय. बघतेच."

जून उजाडला. आकाश कोरडं ठणठणीत. धोंडाबाई कोर्टात पहिल्या बाकावर येऊन बसली, पदर कमरेला खोचून, जणू तीच न्यायनिवाडा करायला आली होती. पलीकडे मडिवाळप्पा. आणि मडिवाळप्पाने काय करावं? वकिलाच्या कानाला लागून पुन्हा तारीख मागायला लावली. श्रीमंतने अर्ज लिहिला, न्यायाधीशांपुढे ठेवला, आणि रिवाजाप्रमाणे तो शिवकन्यापुढे आला. श्रीमंत तिच्याकडे पाहत नव्हता. साखरपुडा अजून ठरायचा होता, आणि वीरण्णांचं मन आता पुन्हा डळमळू लागलं होतं.

तिने लिहिलं, 'सक्त हरकत आहे.' आणि मग ती बोलायला उठली.

अशी ती त्याआधी कधी बोलली नव्हती. श्रीमंत एकेक मुद्दा काढत होता आणि ती तो उचलून बाजूला ठेवत होती. तोही मागे हटला नाही. मनापासून लढला, आणि त्याने तसं लढावं हेच तिला हवं होतं. शेवटी त्याने ठेवणीतला मुद्दा काढला. "साहेब, मळा वाळून गेला आहे. आता वादीला पाण्याची गरज काय?"

पहिल्या बाकावर धोंडाबाई ताठ झाली. शिवकन्याने तिच्याकडे एकदा पाहिलं.

"साहेब," ती म्हणाली, "मळा वाळला तो या विहिरीवर वादीचा हक्क नव्हता म्हणून नाही. वादीच्या वकिलाने निष्काळजीपणे तारीख दिली म्हणून. वकिलाच्या चुकीने वादीचा हक्क वाळत नाही."

न्यायाधीशांनी लिहिता लिहिता मान वर केली. श्रीमंतने हातातला कागद खाली ठेवला आणि तो आपल्या जागेवर बसला. हुकूम त्याच दिवशी झाला. एक दिवसाआड बारी धोंडाबाईची, पेटीची दुसरी किल्ली तिच्याकडे.

पहिल्या बारीला शिवकन्या गावी गेली. श्रीमंत म्हणाला, मी स्कूटरवर सोडतो. ती म्हणाली, सोड, पण रस्त्यावरच थांब. तू त्या बांधावर यायचं नाहीस.

धोंडाबाईने मोटार सुरू केली. विहिरीतलं उरलंसुरलं गढूळ पाणी दांडाच्या चरीत आलं आणि ती फावडं घेऊन ते रिकाम्या वाफ्यांत वळवू लागली. एकही वेल उरला नव्हता. उघड्या मातीवर पाणी पसरत होतं.

"मावशी," शिवकन्या न राहवून म्हणाली, "आता कशाला? वेल तर..."

"वेल न्हाईत. बारी हाय की," धोंडाबाई मान वर न करता म्हणाली. "आज सोडली तर उद्या त्योच म्हनंल, ही कुठं पानी घेत होती? तुम्ही वकील न्हाई का?"

तिने पुढच्या वाफ्याचं तोंड फोडलं. शिवकन्याने चपला बांधावर काढून ठेवल्या, साडी वर खोचली आणि दुसरं फावडं उचललं. तिला ते नीट धरता येत नव्हतं. धोंडाबाईने ते पाहिलं, पण नको म्हटलं नाही.

रस्त्यावर श्रीमंत स्कूटरपाशी उभा होता. तिने हाताने खूण केली, तू जा, मला वेळ लागेल. तो गेला नाही. स्कूटर कडेला लावून तो बाभळीखाली दगडावर बसला. पाणी अजून शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचायचं होतं.