तेल कुणाच्या हाताचं?

मंडळी, घरबसल्या वस्तू मागवायची सवय आता कुणाला नाही? बोटांनी फोटो मोठा करायचा, इकडून तिकडून न्याहाळायचा, पसंत पडला की मागवून मोकळं व्हायचं. दुकानदाराचं तोंड दिसत नाही, वस्तू हातात घेऊन बघता येत नाही. जो काय भरवसा टाकायचा तो त्या फोटोवर. पण तो फोटो काढणारं कुणी माणूस असतं, हे आपल्या गावीही नसतं.

अशीच एक फोटो काढणारी बाई होती. गाड्यांचे सुटे भाग ऑनलाइन विकणाऱ्या एका गोदामात ती कामाला होती आणि सगळे तिला फोटोवालीच म्हणत. गोदामाचा एक कोपरा तिचा. भिंतीवरून खाली टेबलावर वळवून सोडलेला पांढरा कागद, दोन बाजूंना पांढऱ्या कापडाने झाकलेले दिवे, आणि सावल्या अडवायला पुठ्ठ्याचे तुकडे. हेडलाइटचा फोटो काढायचा तर त्यात तिचं स्वतःचंच तोंड उमटायचं, मग काळ्या पडद्याआड लपून भोकातून कॅमेरा बाहेर काढायचा. पूर्वी ती लग्नाचे फोटो काढायची. "नवऱ्या मुलींच्या नाकावरची चकाकी घालवण्यात अर्धं आयुष्य गेलं, आता रबराला चकाकी आणण्यात उरलेलं जाणार," असं ती पॅकिंगवाल्या मावशींना म्हणायची आणि मावशी खो खो हसायच्या.

घोडं पेंड खायचं ते काळ्या वस्तूंपाशी. काळं रबर दिव्याखाली राखेसारखं दिसतं. नवीकोरी वस्तू जुनाट वाटते, आणि गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. त्यावर फोटोवालीने तोड काढली होती. फडक्याला थोडं तेल लावायचं आणि वस्तू पुसून घ्यायची. असा काही गर्द काळा रंग यायचा की मालक खूश.

रबराच्या नळ्यांना तेल लावलं, कुणाचं काही बिघडलं नाही. मग एकदा ब्रेक पॅडची पाळी आली. ब्रेक पॅड म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला दोन्हीकडून चिमटीत धरून थांबवणारे जाड तुकडे. तेही राखाडी दिसत होते. तिने त्यांच्यावरूनही फडकं फिरवलं, पाठीवरून फिरवलं तसंच घासणाऱ्या बाजूवरूनही. हात सवयीने चालतो, डोकं मागून येतं, तशातली गत.

फोटो झाल्यावर तिने मालकांना विचारलं होतं, "साहेब, फोटोचे डबे वेगळे ठेवू का? नमुना म्हणून?"

"एका फोटोपायी अख्खा डबा वाया घालवू? कोरड्या फडक्याने पूस आणि ठेव परत फळीवर," मालक म्हणाले.

तिने पुसलं. मावशींनी डब्याला नवी चिकटपट्टी लावली. पुढे ती रीतच पडली. नवीन पॅड आले की तेल, फोटो, कोरडं फडकं, चिकटपट्टी, फळी.

आणि मग एके दिवशी एक पार्सल परत आलं. आत वापरलेले ब्रेक पॅड होते आणि सोबत गिऱ्हाइकाची तक्रार. पॅड नुकतेच बसवले होते. उतारावर ब्रेक दाबला, गाडी थांबेना, घसरत जाऊन लोखंडी फाटकावर आदळली. शेजारच्या सीटवर त्याची म्हातारी आई होती, तिचं मनगट मोडलं. पॅडवर तेल दिसतंय, हे तेल आलं कुठून, याचा जाब त्याने दोघांना विचारला होता, दुकानाला आणि गॅरेजला. गॅरेजवाल्याने पॅड बसवणाऱ्या फिटरला त्याच दिवशी घरी बसवलं होतं. सोक्षमोक्ष लागेपर्यंत त्याने कामावर यायचं नाही.

मालकांनी पॅड फोटोवालीच्या टेबलावर ठेवले. "हे बघ, फिटरच्या हाताला ग्रीस असायचंच. आपला माल कोरडा असतो. एक बंद डबा उघड, त्यातल्या पॅडचा फोटो काढ. शेजारी या परत आलेल्या पॅडचा. उद्या सकाळी दोन्ही पाठवून देऊ. आंधळ्यालाही फरक कळेल."

तिने दिवा खाली घेतला आणि कडेने, तिरपा टाकला. समोरून पडणारा उजेड सगळं सपाट करतो, तिरपा उजेड खाचखळगा सोडत नाही. परत आलेल्या पॅडवर तेल मुरलेले काळे पट्टे स्पष्ट उठून दिसले. आणि त्याच उजेडात पाठीच्या पत्र्यावर, कोपऱ्यात, रंगाचा एक टवका उडालेला दिसला.

हा टवका तिच्या ओळखीचा होता. मूळ फोटोत तो तिनेच कॉम्प्युटरवर मिटवला होता. म्हणजे हा फळीवर परत गेलेला फोटोचाच डबा. आणि ते पट्टे फिटरच्या बोटांचे नव्हते, ते तिच्या फडक्याचे होते.

तिने बंद डबा उघडला, कोरड्या पॅडचा फोटो काढला. मग दुसरा काढला. दोन्ही फोटो अगदी खरे होते, कशालाही हात लावलेला नव्हता. फक्त शेजारी शेजारी ठेवले की त्यांतून धादांत खोटं बाहेर पडत होतं. "रंग थोडे जुळवून उद्या सकाळी देते," म्हणून ती घरी आली.

घरी ती आणि सासूबाई, दोघीच. नवरा दूर बोटीवर नोकरीला. सासूबाई एका मोठ्या रुग्णालयातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या, आणि निवृत्त फक्त कागदावर. घरातला टॉवेलसुद्धा कोपऱ्याला कोपरा जुळवूनच घडी व्हायचा. सुनेने ताटातला भात नुसताच चिवडलेला त्यांना दिसणार नाही, असं होणं शक्य नव्हतं.

"काय गं, पोट बिघडलंय की डोकं?"

"काही नाही, आई. कामाचं आहे."

"कामाचं असेल तर सांग. मनाचं असतं तर विचारलं नसतं."

मग तिने सांगितलं. आडूनआडून सुरुवात केली, पण सासूबाईंपुढे आडून काही चालायचं नाही. पाच मिनिटांत तेल, फडकं, फळी, फिटर सगळं बाहेर आलं.

"तेल तुझं होतं, हे मालकाला सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं नाही."

सासूबाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "सूनबाई, आमच्याकडे ऑपरेशनच्या खोलीत चुका व्हायच्या. जागरणं, धावपळ, माणसाचा हात चुकतो. एखाद्या नर्सच्या हातून कात्री जमिनीवर पडायची. ती लगेच म्हणायची, पडली, दुसरी द्या. मी तिला कधी शब्दाने बोलले नाही. पण पडलेली कात्री उचलून, पुसून, गुपचूप परत ताटात ठेवणारी एक होती. कुणी विचारलं नाही, असंच म्हणाली होती. तिला मी त्या दारातून पुन्हा आत येऊ दिलं नाही."

"पण आई, माझी एकटीची चूक आहे का? तेल मी लावलं, पण डबा परत ठेवायला साहेबांनी सांगितलं, चिकटपट्टी मावशींनी लावली..."

"बरोबर. तिघांनी थोडं थोडं केलं. म्हणून तर कुणालाच वाटत नाही की आपण केलं. आणि चौथ्याच्या, ज्याने काहीच केलं नाही, त्याच्या गळ्यात सगळं पडलं. कारण तो सगळ्यांत खाली उभा आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच."

फोटोवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझी नोकरी जाईल."

"जाईल कदाचित. मी खोटा धीर देणार नाही." सासूबाईंनी विचारलं, "एक सांग. तेल लावून फळीवर ठेवलेला तो एकच डबा होता?"

ती आठवू लागली. छोट्या गाडीचे पॅड, मोठ्या गाडीचे, मागच्या चाकांचे. प्रत्येक प्रकाराचा एक डबा.

"बाकीचे कुठे आहेत?"

आणि मग तिला उमगलं! इतका वेळ ती आपली नोकरी, आपली चूक, आपलं तोंड एवढंच बघत बसली होती. त्यातले काही डबे विकले गेले होते. कुणाच्या तरी गाडीला बसले होते, बसणार होते. कुठल्यातरी उतारावर कुणीतरी पाय दाबणार होतं.

"आई," ती म्हणाली आणि ताट सारून उठू लागली.

"जेव आधी," सासूबाई म्हणाल्या. "उपाशीपोटी माणूस धड खरंही बोलू शकत नाही. आणि आत्ताच मालकाला फोन लाव."

मालकांचा फोन बंद लागला, पुन्हा लावला, तरी बंद. सकाळी ते यायच्या आधीच ती गोदामाच्या दारात उभी होती. आत जाऊन तिने नव्या चिकटपट्टीवरून फळीवरचे फोटोचे उरलेले डबे शोधून काढले आणि मालकांच्या टेबलावर आणून ठेवले. मालक आले ते थेट म्हणाले, "फोटो तयार?"

"साहेब, ते तेल फिटरचं नाही. माझं आहे." आणि टवक्यापासून फळीपर्यंत सगळं तिने एका दमात सांगितलं.

मालकांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. "घासणाऱ्या बाजूला तेल लावायला तुला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. ती अक्कल मीच चालवली."

"मग? आता गावभर सांगत सुटायचं? दुकानाला टाळं लागेल, कळतंय का? तुझ्यासकट सगळे घरी बसतील. त्या फिटरला दुसरं गॅरेज मिळेल, गॅरेजांना काय तोटा?"

"डबे परत ठेवायला तुम्ही सांगितलंत, साहेब."

"माझ्यावर ढकलतेस?"

"नाही. माझ्या वाटणीचं मी घेतलं. तुमच्या वाटणीचं तुम्हाला दाखवतेय."

पॅकिंगच्या टेबलावरून मावशी हळूच म्हणाल्या, "चिकटपट्टी मी लावायचे. नवी दिसावी म्हणून जुनी ओरबाडून काढायचे." एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली.

फोटोवालीने एक डबा मालकांपुढे सरकवला. "हे तुमच्याच गाडीला बसणारे पॅड आहेत. मीच पुसलेले. आज हे बसवून घ्या आणि मुलीला कॉलेजात सोडून या. आलात की मी दोन्ही फोटो पाठवते, एका शब्दाने बोलणार नाही."

मालकांनी डब्याकडे पाहिलं. हात लावला नाही. त्यांची मुलगी रोज त्याच गाडीत बसत होती. शेवटी खुर्ची ओढून ते कॉम्प्युटरपुढे बसले आणि रागारागाने म्हणाले, "उभी काय राहिलीस? कुठले कुठले डबे, नीट आठवून सांग. कुणाला गेलेत ते काढू."

त्या दिवशी फोटो निघाले नाहीत. दिवसभर फोन चालले होते. गाडी चालवू नका, पॅड बदला, नवे आम्ही पाठवतो, चूक आमची आहे. कुणी आभार मानले, कुणी शिव्या घातल्या. एकाचा फोन लागेचना. तो लागेपर्यंत मालक जागेवरून उठले नाहीत. संध्याकाळी त्याची बायको बोलली, डबा अजून उघडलाच नाही म्हणाली, तेव्हा मालकांनी चष्मा काढून डोळे चोळले. ज्याच्या आईचं मनगट मोडलं होतं, त्याला मालकांनी स्वतः फोन केला. तो जे जे बोलला ते त्यांनी मुकाट ऐकून घेतलं. एरवी अरे म्हटलं की कारे म्हणणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांच्याकडे बोलायला तोंड नव्हतं. उपचारांचा खर्च आपण करू म्हणाले. त्याने मनगट पूर्वीसारखं होणार नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं.

गॅरेजवाल्यालाही खरं ते सांगून झालं. राहिला फिटर. "त्याला मी फोन करते," फोटोवाली म्हणाली.

फिटर घरीच होता. तिने सगळं सांगितलं. तेल माझ्या फडक्याचं होतं, तुमचा काही दोष नाही, तुमच्या मालकांनाही कळवलंय, उद्यापासून या म्हणालेत. तिला वाटलं, आता हा भडकणार. भडकला तर बरंच, असंही तिला वाटलं.

"ताई," तो म्हणाला, "मला वाटत होतं, मीच. हात पुसूनच पॅड उचलले होते, पक्कं आठवत होतं. पण सगळेच म्हणायला लागले, तेव्हा वाटलं, नसतील पुसले. काल दवाखान्यात जाऊन त्या आजींच्या पाया पडून आलो. माफी मागून आलो मी."

फोटोवाली फोन हातात धरून रडत राहिली आणि फिटरच तिला म्हणू लागला, "राहू द्या ताई, सांगितलंत ना तुम्ही."

त्या गोदामात आता फोटोचा डबा विकायला जात नाही आणि ब्रेकच्या सामानाला तेलाचं फडकं लागत नाही. पॅड फोटोत राखाडी दिसतात. काही गिऱ्हाइकं पुढच्या दुकानात जातात, मालक कुरकुरतात, फोटोवालीचा पगार तेव्हापासून वाढलेला नाही. तिची नोकरी मात्र टिकली. आजींचं मनगट अजून थोडं वाकडंच आहे.

मंडळी, चूक तुमच्या-माझ्या हातूनही होईल, कामं करणाऱ्याच्या हातूनच होते. पण ती तिघांत वाटून घेतली म्हणून लहान होत नाही, आणि कुणी विचारलं नाही म्हणून दुसऱ्याची होत नाही. आपण मूग गिळून बसलो की ती घरंगळत खाली जाते आणि ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्या पदरात पडते. त्या बिचाऱ्याला मग ती आपलीच वाटू लागते. तेव्हा असं काही तुमच्या हातून घडलं, तर विचारण्याची वाट बघू नका. पुढे व्हा आणि म्हणा, हे माझ्या हाताचं आहे. एखादा निरपराध माणूस, न केलेल्या चुकीची माफी मागायला, घराबाहेर पडण्याआधी म्हणा.