तीन पँटींची परात

वच्छलाबाईंच्या घरात नाव कोरल्याशिवाय कोणतंही भांडं मांडणीवर चढत नसे. चमच्यापासून गव्हाच्या कोठीपर्यंत सगळीकडे 'सौ. वच्छला' होतंच; स्टील प्लांटमध्ये क्लार्क असलेला नवरा वारल्यानंतर घेतलेल्या भांड्यांवर 'श्रीमती' आलं, एवढाच फरक. सून रीना लग्न होऊन आली तेव्हापासून तीच भांडी घासत होती, पण साध्या एका वाटीवरही तिचं नाव नव्हतं. वाटीवर नसलं तरी चाललं असतं, पण घरात तरी कुठे होतं?

लग्नाआधी आणि लग्नानंतरही काही दिवस रीना हथखोजच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात खरेदी विभागात होती. लेक झाली आणि नोकरी सुटली. आता लेक शाळेत जायला लागली, आणि जुन्या साहेबांचा फोन आला. सोमवारी हजर व्हा, नाहीतर दुसरी मुलगी तयार आहे. साहेबांनी कपड्यांचंही स्पष्ट सांगितलं. रोज माल तपासायला मशीनवर जायचं, तेव्हा पदर नको, ओढणी नको. बाहेरची पार्टी येते, तेव्हा घरातला टी-शर्टही नको. 'स्मार्ट कॅज्युअल' म्हणाले ते. रीनाच्या लेखी त्याचा अर्थ एकच होता : पलंगाखालच्या पेटीतल्या तीन पँटी, चार शर्ट आणि पहिल्या पगारातून घेतलेलं गडद हिरव्या रंगाचं जॅकेट.

पेटी उघडली तेव्हा पँटी कमरेत चढेनात. तिने त्या सुपेल्याच्या बाजारातल्या टेलरकडे नेल्या, कंबर सोडवून घेतली, तंग पाय सरळ करून घेतले, पिवळी पडलेली बटणं बदलली. हाताशी होते नव्हते ते पैसे टेलर आणि काळ्या बुटांच्या एका जोडात गेले.

"पोलिसात भरती होऊन राहिली काय?" वच्छलाबाईंनी विचारलं होतं. "पँट घालून चालली. सासरा असता तर घराबाहेर काढलं असतं तुले."

"ते असते तर त्याइनं मले स्कूटरवर सोडून दिलं असतं," रीना म्हणाली होती. ते खरंच होतं, म्हणून म्हातारीला जास्त झोंबलं. त्या दिवसापासून दोघींमध्ये बोलणं उरलं होतं ते फक्त गॅस बंद केला का, एवढंच.

शनिवारी कपडे आले. रीनाने एकेक कपडा मन लावून इस्त्री केला आणि सगळे हँगरला लावून मागच्या बाल्कनीतल्या तारेवर टांगले, म्हणजे ओल निघून जाईल. मग ती लेकीला आणायला शाळेत गेली. परत आली तर तारेवर नुसते हँगर लोंबत होते. आणि पुढच्या खोलीत वच्छलाबाई मांडीवर नवी कोरी स्टीलची परात घेऊन, पदराने पुसत बसल्या होत्या.

"आई, कपडे कुठं हायेत?"

"कोणते कपडे? ते जुने? बोहारीण आली होती. देऊन टाकले."

"जुने? इस्त्री करून टांगले होते न मी."

"मले काय मालूम बाई. पेटीतले जुनेच होते. पाहा, कशी जाड परात देली तिनं."

इतकं साळसूद तोंड केलं होतं, की क्षणभर कुणालाही खरं वाटावं. रीनाला वाटलं नाही. लेक शेजारी उभी होती, म्हणून तिने तिचा हात धरून तिला आत नेलं. पण ती परात उचलून खिडकीतून फेकावी असं तिला अगदी मनापासून वाटलं.

संध्याकाळी वच्छलाबाई स्वतः बाजारात जाऊन परातीवर नाव कोरून आल्या. या वेळी स्वतःचं नव्हे. 'चि. सौ. समीक्षास वास्तुशांतीनिमित्त, आईकडून.' समीक्षा म्हणजे रीनाची नणंद. सुनेच्या पँटी देऊन लेकीच्या घराला परात.

रात्रीच्या जेवणाला रीनाने नवऱ्याकडे पाहिलं. गौरव पोळी मोडत होता.

"आईले काय समजते त्यातलं," तो म्हणाला. "तू कावून येवढी चिडून राहिली? पुढच्या महिन्यात घेऊन देतो न दुसरे."

"सोमवारी जायचं हाय मले."

"तर मग पुढच्या महिन्यात जॉईन कर. नोकरी काय पळून जाते?"

पळूनच जाणार होती, आणि हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. वच्छलाबाईंनी मुलाच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान पाहून रीनाचं डोकं तडकलं, आणि तिथेच तिचं ठरलं.

रविवारी सकाळी सासू देवळात गेल्यावर तिने परात पिशवीत घातली. कपाट उघडून गौरवचा लग्नातला सूट काढला. पोट सुटल्यापासून त्याचं बटण लागत नव्हतं, तरी तो त्याला हात लावू देत नसे. तोही पिशवीत गेला. मग ती दुर्गला जाणाऱ्या ऑटोत बसली.

बोहारीण रंभा अमरावतीकडची. रविवारी तिथल्या मोहन नगरच्या रस्त्याला ती जुने कपडे मांडून बसते, हे कॉलनीतल्या सगळ्या बायकांना ठाऊक होतं. तिच्याशी व्यवहार मात्र वच्छलाबाईंचा. रीनाला तिने कधी नीट पाहिलंही नव्हतं. रीनाने चादरीवरचा ढीग उपसला. आपलं काहीच नाही. तिने पिशवीतून परात काढली.

"ही काल तुम्ही देली. ह्याच्या बदल्यात घेतलेले कपडे पाहिजे मले."

रंभाने परात ओळखली, आणि मग रीनाकडे विचित्र नजरेने पाहिलं. "ते बाजूले ठेवले. मेलेल्या मानसाचे कपडे म्या पहिल्या दिवशी मांडत नाही."

"मेलेल्या?"

"बाईनं फोन करून बलावलं मले. म्हने दुपारी ये. कपडे पाहून म्या इचारलं, हे त नवे दिसतेत, सुनेचे होय काय? तिले इचारलं काय? मांगून सुना येऊन भांडतेत माह्यासंग. त बाई म्हने, सून वारली माही."

रस्त्यावर गर्दी होती, कुणीतरी भाव करत होतं. आतापर्यंत तिला राग होता. आता तिला किळस आली. कपडे द्यायला म्हातारीने तिला मारूनच टाकलं होतं, तेही एवढ्या सहज.

"मीच ती," ती म्हणाली.

रंभाने मागचं गाठोडं सोडून पँटी, शर्ट, जॅकेट, सगळं बाहेर काढलं. इस्त्री मोडली होती, बाकी ठीक होतं. पण रंभाही धंद्याची बाई. परातीवर बोट फिरवत ती म्हणाली, "नाव कोरलं न बाई ह्याच्यावर. दुसऱ्याच्या नावाची परात कोन घेईन?"

हे होणार हे रीनाला माहीत होतं. तिने सूट काढून परातीत ठेवला. रंभाने अस्तर चाचपलं, बटणं पाहिली. "घरधन्याले इचारलं काय?"

"त्याचा हाय, जुना हाय. त्यातलं त्याले काय समजते."

सोमवारी सकाळी वच्छलाबाई मांडणीसमोर उभ्या राहून भांडी खालीवर करत होत्या. समीक्षाचा नवरा परात न्यायला येणार होता. गौरव आरशासमोर दाढी करत होता. आणि बेडरूमच्या दारातून रीना बाहेर आली. राखाडी पँट, पांढरा शर्ट, वर हिरवं जॅकेट, पायात काळे बूट. गौरवचा हात गालावरच थांबला.

वच्छलाबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हे कुठून आणलं? आणि माही परात कुठं हाय?"

"हे काय, घातली न मी," रीना म्हणाली आणि पँटचा पट्टा सारखा केला. "गौरव, तुह्या सुटाची परातीत भर घालावी लागली. तू काही म्हणू नको, नोकरी पळून जात होती."

"तू येडी झाली काय?" वच्छलाबाई किंचाळल्या. "माह्या लेकीच्या नावाची परात ती!"

रीनाने दारातली पिशवी उचलली. बोलताना तिचा आवाज जरासुद्धा वर चढला नाही.

"रंभा येईन दुपारी, तिले मी बोलावलं हाय. तिले तुमीच सांगजा, आई, का वारलेली सून हथखोजले ड्युटीवर गेली."

ती जिना उतरली.