दोन सेकंदांचा उशीर

अकरा उड्डाणं. अकराही वेळा ती पिशवीत ओकली, तोंड पुसलं आणि पुन्हा वाऱ्या-तापमानाच्या आकड्यांवर डोळे लावून बसली. विमानात कधी पाऊलही न टाकलेल्या सरांनी तिचं नाव ठेवलं, उलटीबाई. अख्खा विभाग खिदळला. तीही हसली.

मग सरांनी पेपर छापला: हवेत सापडलेली जगावेगळी लाट. मोजमापं तिची, आलेख तिचे. नाव एकट्याचं.

"अगं, पेपर म्हणजे काय लग्नपत्रिका आहे, सगळ्यांची नावं घालायला?" सर म्हणाले.

घरी येऊन तिने पेपर वाचला. तिसऱ्या पानावर अंगावर काटा आला. आनंदाचा.

कारण असं. वारा वर उसळला की तिथली हवा गार होते. कधी होते, त्यावरून ठरतं, ती शिस्तीतली लाट की हवेची नुसती खळबळ.

खळबळ: वर-गार, वर-गार.

लाट: वर... गार. वर... गार.

लाटेत गारवा पाव हेलकावा मागे राहतो. आणि विमानातला तापमापक मुळातच दोन सेकंद मागे! दर उड्डाणानंतर ती ते दोन सेकंद हाताने काढायची. सरांनी उचलली ती कच्ची फाईल. हेलकावे आठ सेकंदांचे. आठाचा पाव?

दोन.

म्हणजे सरांची जगावेगळी लाट साधी खळबळ होती. लाट तापमापकाच्या आळसाने केली होती.

सांगावं का? दिवसभर वाटलं. मग सर जिन्यात भेटले. "काय उलटीबाई, पोट काय म्हणतंय?"

नाही सांगितलं.

आठवड्याने सरांचं व्याख्यान. सभागृह खच्चून भरलेलं, पुढे संचालकबाई, भिंतभर लाट. तिने हात वर केला.

"सर, तापमापकाचा उशीर किती धरलात?"

"उशीर?"

"विमानातला. तुम्हाला माहीत असेलच."

सरांनी पाण्याचा ग्लास उचलला, तसाच ठेवला. "ते... किरकोळ असतं."

"किरकोळ म्हणजे किती?" संचालकबाईंनी विचारलं.

सरांना एकच वाट उरली होती. त्याच वाटेवर ती आठवडाभर दबा धरून बसली होती.

"ते हिला ठाऊक," सर पुटपुटले. "उड्डाणं हिनेच केली. मोजमापंही... हिचीच."

माना वळल्या. संचालकबाईही वळल्या. "मग तुम्ही सांगा. किती?"

"मला कसं माहीत असणार, बाई? पेपर सरांचा आहे."

ती खाली बसली.

"अगं, सांग ना," सर खालच्या आवाजात म्हणाले. "सांग ना गं."

माईक चालू होता.