हातात बशी, बशीत मेणबत्ती

माझ्या नवऱ्याला, गुरुदत्तला, जाऊन पाच महिने झाले, तरी मी रडले नव्हते. मुद्दाम नव्हे हो, रडू येतच नव्हतं. आमची पंधरा वर्षांची दीपा त्यावरून माझ्यावर धुमसत होती. "यू डोन्ट इव्हन मिस हिम," म्हणाली आणि डब्लिनला आत्याकडे राहायला जायचं ठरवून मोकळी झाली. सोमवारची फ्लाइट. मी "बरं" म्हटलं.

शनिवारी आमच्या पार्सिपनी गावच्या शाळेत इंटरनॅशनल डे होता. सन शहाऐंशी. शेजारची रोहानी मलेशियाची. तिच्याकडचा मेणबत्त्यांचा नाच ती बसवत होती, तालमी आमच्याच बेसमेंटमध्ये. दोन्ही तळहातांवर बशा, बशीत पेटती मेणबत्ती. बोटातल्या अंगठीनं बशीवर टिकटिक ताल धरायचा, हात काखेखालून फिरवून वर न्यायचे, पण बशी कलंडू द्यायची नाही. ऐन वेळी एकीला फ्लू झाला. "तू रोज बघतेस, तुला येतं," म्हणत रोहानीनं मला उभं केलं. नाही म्हणायलासुद्धा अंगात जीव लागतो.

नाच बरा चालला होता. शेवटी पुढे येऊन वाकायचं. समोर पहिल्या रांगेत दीपा, हाताची घडी घालून, तोंड फुगवून. आणि माझे हात आपोआप फिरायला लागले. हातात ज्योत, समोर पोटची पोर. दुसरं काय करणार? ओवाळलं मी तिला, चांगलं तीनदा. मागच्या पाचही जणींना वाटलं स्टेप बदलली, त्याही ओवाळायला लागल्या! रोहानीनं डोळे वटारले. दुसऱ्या रांगेतून सरलाकाकू मोठ्यानं म्हणाल्या, "अगंबाई, विधवेनं ओवाळू नये!" म्हणेनात का.

पडदा पडल्यावर दीपा धावत मागे आली.

"मॉम! युअर हँड!"

ओवाळताना मेण मनगटावर सांडलं होतं, भोवती कातडी लालभडक.

"डझन्ट इट हर्ट?"

"कळलंच नाही गं."

मेण नखानं सोडवत ती हळूच म्हणाली, "बाबांचं पण असंच?"

"असंच. मला काही कळतच नाहीये. पण तू जाऊ नकोस, दीपा."

"दॅट्स ऑल यू हॅड टू से," म्हणाली आणि हमसून हमसून रडायला लागली. मला तेव्हाही रडू आलं नाही. मी तिला नुसतं घट्ट धरून ठेवलं, आणि तिनं माझ्याही वाटचं रडून घेतलं.