लाल गादीवाला कणा

मी एक जुना कणा आहे, मित्रांनो. पाठीचा, प्लास्टिकचा. डोकं नाही मला, तरी कुणी मळक्या हातांनी धरलं की फिरतं.

कारखान्यात माझे मणके एकेक करून ओवले आणि कमरेजवळ एक लाल रबरी गादी मुद्दाम बाहेर आलेली ठेवली. का, तर फिजिओथेरपी शिकणाऱ्या पोरांना बिघाड दिसावा. सुरुवातीला काय थाट होता! शिकवणाऱ्या बाई मला रोज पुसायच्या, पोरं माझे मणके मोजून पास व्हायची. मग भिंतीवर मोठा पडदा आला, त्यावर रंगीत चित्रं नाचायला लागली आणि मी गेलो खिडकीत. वर माझ्यावर ॲप्रन वाळत टाकायचे. मी काय दांडी आहे?

परवा मात्र घाईताईने मला खाली काढलं. ही शेवटच्या वर्षाची, सगळ्यात घाई करणारी. प्रॅक्टिकलमध्ये एकदा नापास झालेली, ही दुसरी खेप. समोर पेशंट म्हणून बेकरीवाल्या मावशी. तीन महिने कंबर दुखते, पट्टा आवळलेला, वाकायचं नाव नाही.

तिने मावशींना छान तपासलं. पायांत ताकद होती, मुंग्या नव्हत्या. मग माती खाल्ली. माझी लाल गादी दाबून म्हणाली, "बघा मावशी, तुमची अशी सटकली असेल."

मावशी पिठासारख्या पांढऱ्या पडल्या. "अगं बाई! म्हणजे वाकले की मोडणार मी?"

परीक्षा घ्यायला बसलेल्या बाईंनी कागदावर काहीतरी खरडलं. गेली ही, मी म्हटलं.

घाईताईने मला खुर्चीच्या कडेला टेकवलं. "चुकलं माझं, मावशी. ह्या ठोकळ्याला काय कळतंय? तुमचा कणा जिवंत आहे, दणकट आहे. तुम्हाला काय करता यायला हवं, ते सांगा."

ठोकळा! असा राग आला ना!

"भट्टीतला खालचा ट्रे काढायचाय गं. सून सगळं करपवते."

घाईताईने रिकामा ट्रे टेबलावर ठेवला. मावशींनी उचलला. मग स्टुलावर. "श्वास रोखू नका." तोही उचलला. जमिनीवर ठेवला तशा मावशी थिजल्या. "तो नको बाई."

"बरं, राहू दे. आजच्यापुरतं पुष्कळ झालं."

तेवढ्यात मी घसरलो. धाडकन! माझं माकडहाड उडून कपाटाखाली गेलं.

"अरे अरे, पडला की बिचारा!" असं म्हणत मावशी वाकल्या आणि तान्ह्या बाळासारखं मला उचललं.



"मावशी," घाईताई हळूच म्हणाली, "वाकलात तुम्ही."

"हो की गं!" मावशी खदखदून हसल्या. "दुखलं जरा. पण मोडले कुठे?"

बाई म्हणाल्या, "आता घरी काय करायचं ते यांना लिहून दे. आणि पुढच्या वेळी आधी विचार, मग दाखव."

"म्हणजे पास?"

"चूक कबूल केलीस, म्हणून पास. कणा पडला म्हणून नाही."

मित्रांनो, माझ्या लाल गादीला भिऊ नका. पाठ कपाटात जपून ठेवायची वस्तू नाही. चाला, वाका, दुखलं तर शिकलेल्या माणसाला दाखवा. आणि माझं माकडहाड अजून कपाटाखालीच आहे. सगळे नुसते बघून जातात. धडधाकट आहात ना? मग काढा की कुणीतरी!