करंजावरचा टॉवेल

पाण्यात उतरायच्या आधी चांगदेव आपला टॉवेल करंजाला बांधतो, हे डिंगोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नदी तिथं वळण घेते. वळणाच्या वर बंधारा, खाली डोह आणि दोन्हींच्या मधे उंच काठावर तो करंज. उन्हाळ्यात खालच्या गावाचं पाणी आटलं की बंधाऱ्याचे लोखंडी ढापे उचलायचे आणि खाली पाणी सोडायचं, अशी दोन्ही गावांची जुनी बोली. ढापे उचलणाऱ्यानं आधी करंजाकडं बघायचं. फांदीवर कापड दिसलं तर पाण्यात माणूस आहे. थांबायचं, हाळी द्यायची. कापड नसलं, तर नदी मोकळी.

चांगदेवच्या लेकीला, ज्योत्स्नाला, हे सांगायची गरजच नव्हती. लहानपणी बापाच्या खांद्यावर उभी राहून ती गाठ तीच मारायची.

आता ती आळे गावी दिलेली होती आणि पोटची पोर घेऊन माहेरी आली होती. प्रतीक्षा दिवस भरायच्या आधीच जन्मलेली. काचेच्या पेटीत ठेवलेली ती एवढीशी पोर ज्योत्स्नाच्या डोळ्यापुढून हलत नव्हती. पोर आता बाळसं धरून होती, गुबगुबीत पायानं लाथा झाडत होती, तरी आईचं मन अजून त्या पेटीपाशीच. पोर झोपली की ही उठून नाकापुढं बोट धरायची. श्वास लागला की मग आपला सोडायची.

चांगदेव चार दिवस हे बघत होता. सकाळी ज्योत्स्नाची आई जानकाबाई कांदे काढायला गेली, तेव्हा तो म्हणाला, "चल, नदीला."

"पोरीला कुठं टाकू, आण्णा?"

"टाकती कशाला? झोळी बांधू करंजाला. तुला न्हाई का बांधत व्हतो? मेलीस का तू?"

"असलं बोलू नका वो!"

"बरं, न्हाई बोलत. पन चल. हसायची इसरलीस तू, बाय."

चांगदेवचं मासे धरणं गावात थट्टेचा विषय होता. खडकीला कारखान्यात असताना एका म्हाताऱ्या अँग्लो-इंडियन फोरमनच्या नादानं तो ते शिकला होता. गळाला गांडूळ नाही, कणीक नाही. कोंबड्याच्या मानेचं तांबूस पीस लाल दोऱ्यानं गळावर गुंडाळायचं आणि लांब काठीनं पाण्याच्या अंगावर असं ठेवायचं, की माशाला वाटावं माशीच बसली. "चांगदेवभाऊ, तुमचा मासा कोंबडी खातो का वो?" असं लोक विचारायचे. चांगदेव म्हणायचा, "खात न्हाई. नुसता वास घ्यायला येतो, आन् फसतो. तुमच्यावानी."

करंजाखाली गार होतं. नवी पालवी आली होती, जांभळट फुलांचा सडा पडला होता. चांगदेवनं टॉवेल वरच्या फांदीला बांधला, खालच्या फांदीला जुन्या लुगड्याची झोळी केली आणि धोतर खोचून पाण्यात उतरला. मधल्या खडकापर्यंत गुडघाभरच पाणी. ज्योत्स्ना मागं थांबली. पोरीला पाजलं, झोका दिला. पोर झोपली. हिनं नाकापुढं बोट धरलं.

तेवढ्यात पानांतून उन्हाची तिरीप आली आणि नेमकी प्रतीक्षाच्या डोळ्यांवर पडली. पोरीनं तोंड वाकडं केलं. आता उठेल, आता रडेल! ज्योत्स्नानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, हात वर केला आणि हाताला आलेलं कापड ओढून झोळीवर पांघरलं. कडा नीट खोचल्या. आत सावली झाली, पोर पुन्हा शांत झाली. आपण काय केलं हे तिच्या ध्यानातही आलं नाही. आईच्या हातांना विचार करायची सवय नसते. ते पुढं झालेले असतात.

मग तीही पातळ खोचून खडकावर गेली. चांगदेवनं काठी तिच्या हातात दिली.

"मनगटानं," चांगदेव म्हणाला. "खांदा न्हाई हलवायचा. तू काय धुनं आपटतीस का?"

ती फेकायची आणि मागं बघायची. झोळी हलत नव्हती. तिच्यावर टॉवेल होता. बरंय, सावली आहे. पुन्हा फेकायची, पुन्हा बघायची.

"पोर पळून जात न्हाई. पानी बघ."

"साप आला तर?"

"झोळीत चढाया साप काय सर्कशीतला हाय?"

ज्योत्स्नाला हसू फुटलं. किती दिवसांनी! त्या हसण्यातच मनगट सैल पडलं आणि पीस हलकेच, जसं पडायला हवं तसं, डोहाच्या तोंडाशी पडलं. पाणी फुटलं. काठी वाकली.

"लागला! आण्णा, लागला!"

"वढू नको! खेळू दे त्याला, खेळू दे—"

चांगदेव बोलता बोलता थांबला. तो माशाकडं बघत नव्हता. पायाकडं बघत होता. खडकाचा मघाशी कोरडा असलेला माथा ओला झाला होता. पाणी गढूळलं होतं; वरून पालापाचोळा आणि फेस येत होता. त्यानं मान वर करून करंजाकडं पाहिलं.

"ज्योत्स्ने, टावेल कुठाय?"

तिनं वळून पाहिलं. टॉवेल तिच्या पोरीवर होता.

चांगदेवनं झोळी पाहिली, तिला पाहिलं. बंधाऱ्याकडं तोंड करून हाळी दिली, "ओऽऽ! थांबाऽऽ! मानूस हायऽऽ!" पाण्याच्या आवाजानं ती गिळून टाकली.

"चल. माज्या खालच्या अंगाला ऱ्हा. पाय उचलायचा न्हाई, घसटत न्यायचा."

मघाचं गुडघाभर पाणी मांडीला लागलं, मग कमरेला. चांगदेव वरच्या अंगाला आडवा झाला होता, लोंढा आपल्या अंगावर घेत, तिच्या हातून घेतलेली काठी तळाला रोवत चालला होता. ज्योत्स्ना त्याच्या सदऱ्याला धरून होती. तिची नजर झोळीवर. झोळी हलायला लागली. पोर उठली होती. रडत असणार, पण पाण्याच्या गर्जनेत काही ऐकू येत नव्हतं. करंज उंचावर आहे, पाणी तिथं पोचत नाही, हे तिला कळत होतं. पण आपण दोघं वाहून गेलो तर? त्या टॉवेलाखाली लेकरू आहे हे कुणाला कळणार? येणारा-जाणारा म्हणेल, चांगदेवचं कापड वाळत पडलंय.

चांगदेवचा पाय गोट्यावरून सुटला. काठी गेली, माशासकट गेली. तो छातीपर्यंत पाण्यात बसला. ज्योत्स्नानं सदरा सोडला नाही. तो टरकन फाटला, तसा तिनं दंड धरला, आणि कुठल्या बळानं कुणास ठाऊक, बापाला उभं केलं. पुढचा पाय वाळूला लागला. मग लव्हाळा हाताला आला. मग काठ.

ती गुडघ्यांवर रांगत वर चढली. झोळीतून पोर ओढून छातीशी धरली. प्रतीक्षा लालबुंद होऊन ओरडत होती आणि त्याहून गोड आवाज ज्योत्स्नानं आजवर ऐकला नव्हता.

पाण्यात माणसं दिसली तसे बंधाऱ्याकडून हौशीराम आणि संपत धावत आले. ढापे उचलायचं काम त्यांचंच.

"चांगदेवभाऊ! आरं, कापड कुठं व्हतं तुमचं?" हौशीरामच्या आवाजात राग होता की भीती, कळत नव्हतं. "दोनदा बघितलं मी! या संपतला इचारा. मोकळा करंज व्हता!"

चांगदेव फाटका सदरा पिळत होता. मान वर न करता तो म्हणाला, "वाऱ्यानं उडालं रं."

हौशीरामनं करंजाकडं पाहिलं. एक पान हलत नव्हतं. मग त्याची नजर झोळीवर गेली, झोळीवरच्या टॉवेलावर, ओल्याचिंब ज्योत्स्नावर.

"व्हय," तो म्हणाला. "लई वारं हाय आज. चल रं संपत, ढापे टाकून घेऊ."

ते गेले. ज्योत्स्ना म्हणाली, "आण्णा, मी तो—"

"आदी पोरीला पाज."

पाणी हळूहळू उतरलं. डोहाच्या खालच्या लव्हाळ्यात काठीचं टोक अडकलेलं दिसायला लागलं. दोरी अजून हिसके खात होती.

"आरं तिच्या, मासा हाय की अजून," चांगदेव उठला. "आलोच."

"थांबा!"

पोरीला त्याच्या हातात देऊन ज्योत्स्नानं झोळीवरचा टॉवेल काढला आणि टाचा उंचावून वरच्या फांदीला बांधला. एक गाठ मारली. ओढून पाहिली. दुसरी मारली.

"आता जा," ती म्हणाली आणि पोरीला परत घेतलं.

ऊन पानांतून थेट प्रतीक्षाच्या डोळ्यांवर येत होतं. ज्योत्स्ना सरकली आणि उन्हाला पाठ करून बसली.