भावकीतला चर

माझा दीर सावळाराम कवडीचुंबक आहे, हे मी आधीच सांगून टाकते. जावई दारात आला की हा अगोदर कोंबड्यांच्या खुराड्याचं दार लावून घेतो. आमच्या पिंपळवंडीत हे शेंबडं पोरसुद्धा जाणतं.

वाटणी झाली तेव्हा घर, बैल, भांडी, सगळ्याचे दोन भाग पडले. दोन शेतांच्या मधल्या चराचा मात्र पडला नाही. माळावरचं पाणी त्या चरातून ओढ्याला जायचं आणि दर उन्हाळ्यात त्यातला गाळ उपसावा लागायचा. आमच्याकडं रीत अशी, की वाटणीनंतर चरात पहिली कुदळ जो मारील, चर त्याचा आणि जन्मभराचा उपसाही त्याच्याच गळ्यात. मग काय, आमचे मालकही शहाणे आणि त्यांचा भाऊही शहाणा. दोघांनी कुदळी घरात ठेवल्या. चर गाळानं भरला, त्यावर घाणेरी माजली, पावसाचं पाणी दोघांच्या बाजरीत शिरून बसायला लागलं. दोघांची बाजरी पिवळी पडली, पण कुदळ कुणी उचलली नाही.

मला बाजरीचं एवढं काही नव्हतं. माझा राग निराळाच होता. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूचा हात फार चालायचा. मार खाल्ला की मी चराच्या कडेला जाऊन बसायचे. तिथं लव्हाळ्यात पाणकोंबड्या असायच्या, पांढऱ्या छातीच्या, शेपूट उडवत चालणाऱ्या, मागं काळी काळी पिल्लं. खेकडे असायचे, बेडूक असायचे, वर बाभळीच्या फांदीवर खंड्या टपून बसलेला असायचा. त्यांच्याकडं बघता बघता रडू थांबायचं. या घरानं मला दिलेलं सुख एवढंच, आणि तेही या दोघा भावांनी हट्टापायी गाळात घातलं. पुढं मालक गेले. लेकरूबाळ नाही. संध्याकाळी दारात बसावं तर सावळारामच्या खोकल्याशिवाय दुसरा आवाज कानावर येत नसे.

दुसऱ्या इलेक्शनच्या साली, शिमगा झाल्यावर, मी पदर खोचला आणि चरात कुदळ मारली.

गावाला फुकटचा तमाशा मिळाला. शेजारचा गेणू बांधावर येऊन म्हणाला, "सरूवैनी, पाखरांसाठी चर उपसता व्हय? उद्या मुंग्यांना माडी बांधाल!"

"बांधीन की," मी म्हटलं, "आन् तुला तिथं पावना म्हणून धाडीन."

गेणूची ब्याद टळली, पण सावळाराम टळणारा नव्हता. चर माझ्या नावावर चढतोय हे त्याला खपेना. मी घमेल्यानं गाळ काढून कडेला टाकावा आणि सकाळी येऊन बघावं तर वीतभर गाळ परत आत. विचारलं तर म्हणतो, "वारं लई सुटलं व्हतं, वैनी."

"वाऱ्याला घमेलं उचलता येतं?"

"आमच्याकडचं वारं तसलंच हाय."

एकदा त्यानं बाभळीच्या फांद्या आणून चरात टाकल्या. माझ्या पायात काटा मोडला तेव्हा त्याची बायको सोनीबाई दारात उभी राहून फिदीफिदी हसली. मी काटा काढला आणि त्याच फांद्या उचलून त्याच्या शेळ्या लव्हाळा खायला उतरतात त्या वाटेवर लावल्या. मग शेळ्या ओरडल्या, सावळाराम ओरडला आणि त्याच्या वरताण मी ओरडले. हाताची सालं निघाली, पाठ धरली, पण माळापासून ओढ्यापर्यंत चर मोकळा केला. लव्हाळ्याची बेटं जिथल्या तिथं ठेवली. बाकी तळापर्यंत उपसला.

मृग बरसून गेला आणि चर वाहायला लागला. बेडूक कुठून आले देव जाणे, पण आले. कडेच्या बिळांत खेकडे दिसले. मग एका सकाळी चूल फुंकत दूध तापवत होते तर चराकडून क्वाक क्वाक आवाज आला. फुंकणी तशीच टाकून पळत गेले. लव्हाळ्याच्या बुडाशी पाणकोंबड्यांची जोडी होती. मी तिथंच मटकन बसले आणि सासूच्या माराला रडले नसेन इतकी रडले. चुलीवरचं दूध उतू गेलं ते गेलंच.

आखाड निम्मा सरला तोवर पिल्लं बाहेर पडली. आणि त्याच सुमाराला आळे गावाहून सावळारामचा जावई आला, हौशीराम. खांद्यावर ठासणीची बंदूक. आखाडात जावयाला रस्सा घातला नाही तर आमच्याकडं सासऱ्याला तोंड दाखवायला जागा राहत नाही. हौशीराम खुराड्याकडं बघत होता आणि सावळाराम जावयाच्या डोळ्यांकडं. मी माझ्या ओट्यावर शेंगा फोडत होते. सगळं ऐकू येत होतं.

"जावईबापू, आमच्या कोंबड्या समद्या अंड्यावर हायेत," सावळाराम म्हणाला. "पर चरात पाणकोंबड्या लई. बार टाका की!"

तळपायाची आग मस्तकात गेली. शेंगांचं सूप उधळून मी धावले आणि लुगड्यासकट चरात उतरले. पाणी मांडीपर्यंत. माझ्या पाठीशी लव्हाळा, समोर काठावर बंदूक घेतलेला जावई आणि त्याच्या बाजूला सावळाराम. दंगा ऐकून सोनीबाईही मागं येऊन उभी.

"मामी, सरका," हौशीराम म्हणाला. "छर्रे हायेत, डोळ्यात जातील."

"जाऊ द्यात. मी हलायची न्हाई."

"वैनी, तमाशा नगा करू," सावळाराम म्हणाला. "पयली कुदळ तुमी मारली, चर तुमचा. आमचं काय म्हननं न्हाई. पर पाखरं रानाची."

मी त्याच्या सात पिढ्या काढल्या. तो नुसता हसत राहिला. जावई चार पावलं बाजूला सरकला आणि त्याला लव्हाळ्याची दुसरी कड दिसायला लागली. मी तिकडं सरकले तर तो परत इकडं. मागं पिल्लं चिवचिवत होती. किती वेळ अशी पुढं-मागं करणार? पाय गाळात रुतत होते. बंदूक वर उचललेलीच होती.

तेव्हा मला कळलं. दुसऱ्याचं काही मेलं तर सावळारामला त्याचं सोयरसुतक नाही. पण त्याच्या शेळीचं करडू मेलं तेव्हा हा माणूस जेवला नव्हता. एकदा आपली म्हटलेल्या वस्तूला तो यमालाही हात लावू द्यायचा नाही. उपाय समोर होता. ज्या चरासाठी हाताची सालं काढली, तो या माणसाला द्यायचा? या माणसाला?

"भाऊजी," मी म्हटलं, "चर तुमचा."

"काय म्हनता?"

"सोनीबाई साक्षीला, तुमचे जावई साक्षीला. पयली कुदळ तुमच्या नावानं मारली आसं धरा. चर तुमचा, दोनी कडा तुमच्या, गाळाचं खत तुमचं. उपसा बी तुमचाच."

त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं, यात खोड कुठं आहे ते शोधत. मग चराकडं बघितलं, माळापासून ओढ्यापर्यंत. कडेला पडलेला काळा गाळ त्याच्या डोळ्यांत भरला असावा.

"आन् कोंबड्या?"

"त्या बी तुमच्याच. मोजून घ्या."

"त्येंची पिल्लं?"

"तुमचीच."

सावळाराम पुढं झाला आणि त्यानं बंदुकीच्या नळीवर हात ठेवून ती खाली दाबली. "न्हाई, जावईबापू. ह्या घरच्या हायेत."

"मगाशी तर रानाच्या व्हत्या!" हौशीराम म्हणाला.

"मगाशी व्हत्या."

त्या दिवशी सोनीबाईला खुराड्यातली कोंबडी कापावी लागली. सावळाराम पोटात दुखतंय म्हणून जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चराकडं निघाले तर तो काठी घेऊन उभा.

"वैनी, आता हिकडं यायचं न्हाई. कडंला बी बसायचं न्हाई. पाखरं बुजत्यात."

"मी उपसलाय त्यो!"

"साक्षीदार हायेत माझ्याकडं."

मी मागं फिरले. माझ्या ओट्यावरून चर दिसत नाही, मधे त्याचा गोठा येतो. पाणकोंबड्या ओरडल्या की ऐकू येतात, तेवढंच. फार वाईट वाटलं मला. अजूनही वाटतं, आणि त्या माणसाचं तोंड बघितलं की हात शिवशिवतात.

पुढच्या उन्हाळ्यात सावळाराम चरात उतरला. घमेल्यागणिक मला शिव्या देत उपसत होता. मी त्याच्या गोठ्यापर्यंत गेले आणि लांबूनच ओरडले, "भाऊजी, लव्हाळा कापू नगा! अंडी तितंच घालत्यात!"

"मला शिकवू नगा!" तो खालूनच ओरडला. "माझ्या पाखरांना काय लागतं ते मला ठावं हाय!"

लव्हाळ्याची बेटं त्यानं जशीच्या तशी ठेवली होती. मी घरी आले, त्याला मनातल्या मनात पोटभर शिव्या दिल्या आणि एक भाकरी जास्त खाल्ली.